अर्धे आईचे, अर्धे बापाचे

२०२४ सालचा जानेवारी महिना होता. माळव्यात थंडीच्या दिवसांत मटारच्या शेंगांचे ढीग बाजारात येतात आणि इंदूरच्या घराघरांत कचोरीच्या सारणासाठी दाणे सोलण्याचे काम निघते. आमच्या ओसरीवरही ते चालले होते. माझी थोरली बहीण, जिला आम्ही सारे ताई म्हणतो, सूप मांडीवर घेऊन उन्हात बसली होती. वय ७८, दृष्टी अधू, पण बोटे अजून चपळ. शेजारी तिच्या मुलीची मुलगी शेंगा सोलीत होती. परिचारिकेचे शिक्षण पुरे करून ती नुकतीच नोकरीस लागली होती आणि तिचे लग्न ठरत आले होते. उपासकाळापूर्वी साखरपुडा आणि ईस्टरनंतर विवाहसंस्कार, असे दोन्ही घरांनी योजिले होते.

शेंगा सोलता सोलताच ती म्हणाली, "आजी, मी रक्त तपासून घेतले. माझ्यात सिकल सेलचा अंश आहे. मला स्वतःला त्याचा त्रास नाही. पण मुलाकडच्यांना सांगायला हवे."

ताईच्या हातातील शेंग हातातच राहिली. ती काही बोलली नाही. उठली, भिंतीला धरून आत गेली, आणि बऱ्याच वेळाने एक घडी घातलेला, कडांना पिवळा पडलेला कागद घेऊन बाहेर आली. तो नातीपुढे धरून तिने विचारले, "हाच का ग तो शब्द?"

तो कागद १९७८ सालचा होता. ताईला इंग्रजी वाचता येत नाही. परंतु तो शब्द तिने ४६ वर्षे कानांत जपून ठेवला होता.

आमचे मूळ घर अमरावतीकडचे. ताई लग्न होऊन इंदूरला आली ती १९६७ साली. भाऊजी कापडगिरणीत कामाला होते. त्या काळी इंदूरच्या गिरण्यांचे भोंगे वाजत आणि त्यांवर सबंध वस्तीचा दिवस उगवे व मावळे. १९६९ साली ताईला मुलगा झाला. पुढे १९७५ मध्ये मीही शिक्षकाची नोकरी धरून इंदूरला आलो, तेव्हा माझा भाचा सहा वर्षांचा होता. मोठा गोड मुलगा. परंतु सदा फिकट. थंडी पडली की त्याचे सांधे ठणकत, हातपाय सुजत, आणि रात्ररात्र तो ताईच्या मांडीवर कण्हत पडे. वैद्य झाले, अंगारे झाले, नवस झाले. कोणी वाताचा विकार म्हटले, कोणी कावीळ. १९७८ च्या डिसेंबरात ताप आला आणि नाताळच्या आधी तीन दिवस तो देवाघरी गेला. त्याचे वय तेव्हा नऊ वर्षांचे होते. इस्पितळातून निघताना भाऊजींच्या हाती एक कागद दिला गेला. त्यावर काय लिहिले आहे, हे कोणी समजावून सांगितले नाही.

प्रेत घरात असतानाच ताईच्या सासूबाईंनी निकाल दिला: "हिच्या माहेरचे रक्तच नासके." त्या माउलीचाही नातू गेला होता; दुःखाला काहीतरी आधार लागतो, आणि सुनेचा दोष हा फार जुना आधार आहे. पुढची पंचवीस वर्षे हे वाक्य त्या घरात कधी उघड, कधी नजरेने बोलले गेले. भाऊजी देवमाणूस, पण त्यांनी त्याला कधी विरोध केला नाही. ते २००३ साली वारले.

आणि मी? मी शिकलेला होतो. तो कागद मी वाचला होता. त्या दोन इंग्रजी शब्दांचा अर्थ कोणा डॉक्टरला विचारणे मला अवघड नव्हते. पण मी विचारले नाही. कारण आमच्याच घराण्यात काही खोट निघाली तर, ही भीती माझ्या मनात होती. सासूबाई जे तोंडाने बोलल्या, ते मी मनात धरले. याची कबुली मी या पानावर प्रथमच देत आहे.

त्या दिवशी नातीने तो कागद दोनदा वाचला. मग ती आजीच्या पायाशी बसली आणि सुपातील दाणे हाती घेऊन तिने जे सांगितले, ते मी पुढे पुस्तके पाहून पडताळले. वाचकांसाठी ते येथे देतो.

आपल्या शरीरातील बहुतेक पेशींत आपल्या घडणीचा सारा आराखडा साठवलेला असतो. तो ज्या सूक्ष्म धाग्यांवर लिहिलेला असतो, त्यांना गुणसूत्रे म्हणतात. त्यांची संख्या ४६, म्हणजे २३ जोड्या, हे १९५६ साली पक्के ठरले. प्रत्येक जोडीतील एक धागा आईकडून आलेला असतो, दुसरा बापाकडून. परंतु शरीरात दोन प्रकारच्या पेशी अशा आहेत की ज्यांत जोड्या नसतात. २३ एकेरी धागेच असतात. त्या म्हणजे स्त्रीच्या देहातील स्त्रीबीज आणि पुरुषाच्या देहातील शुक्राणू. ही योजना किती शहाणपणाची आहे पाहा. या पेशीही ४६ धागे घेऊन आल्या असत्या तर बालकात ९२ झाले असते, नातवात १८४. म्हणून प्रत्येकाने अर्धेच द्यावयाचे, आणि दोन अर्ध्यांचे मिळून पुन्हा एक पूर्ण व्हावयाचे.

स्त्रीबीज हे मानवी देहातील सर्वांत मोठ्या पेशींपैकी एक, तरी त्याची रुंदी मिलीमीटरचा सुमारे दहावा भाग, म्हणजे टोकदार पेन्सिलीने केलेल्या ठिपक्याहूनही लहान. शुक्राणू त्याहून कितीतरी बारीक. त्याचे शेपूट धरूनही लांबी मिलीमीटरच्या विसाव्या भागाएवढी. आकारात एवढा भेद, पण गुणसूत्रांच्या वाट्यात भेद नाही. याने २३ द्यावयाचे, तिनेही २३. शेतात जसे बी पुरुषाचे आणि जमीन बाईची, असे आपल्याकडे पूर्वापार समजत आले. ते खरे नव्हे. बी दोघांचेही आहे. आणि नऊ महिन्यांची जमीन मात्र एकट्या आईची.

आणखी एक गोष्ट ऐकून ताईचे डोळे भरून आले. पुरुषाच्या देहात वयात आल्यापासून शुक्राणू सतत नवे तयार होत असतात. एकाला घडावयास सुमारे अडीच महिने लागतात. स्त्रीचे तसे नाही. तिची सारी बीजे ती स्वतः आईच्या उदरात असतानाच सिद्ध होऊ लागतात आणि जन्मवेळी ती दहा-वीस लाख असतात. म्हणजे ताईच्या मुलाचे बीज आमच्या आईच्या उदरात, ताईच्या चिमुकल्या देहात, १९४६ साली विसावलेले होते. आमच्या आईने आपल्या लेकीबरोबर नातवाचा अर्धा वाटाही नकळत वाहिला होता.

मात्र त्या बीजातून कोणते २३ धागे पुढे जावयाचे, हे तेव्हा ठरलेले नसते. प्रत्येक जोडीतून कोणता एक निवडला जाईल याला नियम नाही. २३ जोड्यांतून एकेक निवडण्याच्या रीती ८३ लक्ष ८८ हजार ६०८ होतात. आपले हिंदू शेजारी ८४ लक्ष योनींचे फेरे सांगतात, त्याची मला हा आकडा वाचताना आठवण झाली. शिवाय जोडीतील धागे वेगळे होण्यापूर्वी आपसांत तुकड्यांची अदलाबदल करतात, ती वेगळीच. म्हणूनच एका आईबापाची सहा मुले सहा तऱ्हांची होतात.

आता सिकल सेलची गोष्ट. 'सिकल' म्हणजे विळा. रक्तातील तांबड्या पेशी वाटोळ्या व लवचीक असतात. त्यांत हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य असते, आणि ते घडविण्याच्या आराखड्याचा एक भाग ११ व्या जोडीवर लिहिलेला असतो. त्या लिखाणात एकच अक्षर बदलले की हिमोग्लोबिनच्या एका साखळीतील सहावा मणी बदलतो. हे इंग्लंडमधील व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५७ च्या सुमारास दाखविले. एवढ्याशा फरकाने तांबडी पेशी प्राणवायू कमी झाला की विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि वेदना उत्पन्न करते. चांगली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्यासारखी पेशी दहा-वीस दिवसच. म्हणून तो फिकटपणा, म्हणून ती कावीळ, म्हणून थंडीतला तो ठणका.

परंतु हे सारे तेव्हाच होते, जेव्हा जोडीतील दोन्ही धाग्यांवर ते चुकीचे अक्षर असते. एकाच धाग्यावर असेल तर दुसरा धागा काम सांभाळून नेतो. असा मनुष्य निरोगी असतो. त्याला वाहक म्हणतात. माझी ताई अशीच, तिची मुलगी अशीच आणि ही नातही अशीच.

येथे नातीने सुपातून दोन दाणे उचलले, एक टपोरा गोल आणि एक सुरकुतलेला, आणि एका धर्मगुरूची कथा सांगितली. आज झेक देशात असलेल्या ब्रनो शहरातील ऑगस्टिनियन मठात फादर ग्रेगोर मेंडेल हे साधू राहत. जन्म १८२२ सालचा, शेतकऱ्याच्या घरचा. शिक्षकाच्या परीक्षेत ते नापास झाले होते. मठाच्या बागेत मात्र त्यांनी १८५६ पासून आठ वर्षे वाटाण्याची हजारो रोपे वाढविली, त्यांचा संकर केला आणि दाणे मोजले. गोल दाण्याच्या व सुरकुतलेल्या दाण्याच्या रोपांचा संकर केला तर पहिल्या पिढीत सारे दाणे गोल निघाले. सुरकुती जणू नाहीशीच झाली. पण त्याच गोल दाण्यांची पुढची पिढी घेतली, तेव्हा ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले दाणे हाती आले. म्हणजे जवळजवळ तिनास एक. लोपलेला गुण नष्ट झाला नव्हता, तो झाकून राहिला होता. आणि दोन्ही बाजूंनी आल्यावरच प्रकट झाला होता. हे त्यांनी १८६५ साली विद्वानांपुढे वाचले, पण कोणी फारसे लक्ष दिले नाही. १८८४ साली ते वारले आणि १९०० साली जगाला त्यांची किंमत कळली.

"आता पाहा आजी," नात म्हणाली, "या कागदावर लिहिले आहे की मामाला हा आजार होता. आजार होता म्हणजे त्याचे दोन्ही धागे बिघडलेले होते. एक तू दिलास. दुसरा तू देऊच शकत नव्हतीस. एका मुलाला आई एकच देते."

ओसरीवर शांतता पसरली. ४६ वर्षे पेटीत पडून असलेला तो कागद ताईच्या बाजूची साक्ष घेऊन बसला होता आणि आम्हांपैकी एकानेही त्याला बोलू दिले नव्हते. रक्त माहेरचेही होते आणि सासरचेही; आणि नासके म्हणावे तर कोणाचेच नव्हते.

ताईला आता समाधान वाटेल, ती सासूबाईंचे नाव घेऊन काही बोलेल, असे मला वाटले. तिने फक्त विचारले, "म्हणजे निम्मे त्यांचेही होते?" आणि मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "तेव्हा कळले असते, तर आम्ही दोघे मिळून रडलो असतो."

हे वाक्य ऐकले तेव्हा मला कळले की खोट्या दोषाने काय हिरावून घेतले होते. त्याने केवळ एका बाईचा मान घेतला नव्हता. नवराबायकोला एका दुःखात एकत्र येण्यापासून अडविले होते. एकाच घरात, एकाच मुलासाठी, दोघेही वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसून रडत राहिली.

त्या मुलानंतर ताईला मुलगा झाला नाही, दोन मुलीच झाल्या, याचाही ठपका तिच्यावरच होता. त्याचेही उत्तर त्याच २३ धाग्यांत आहे. त्यांतील एक धागा लिंग ठरवितो. स्त्रीबीजात तो नेहमी 'एक्स' प्रकारचा असतो. शुक्राणूंपैकी काहींत 'एक्स', काहींत 'वाय'. मुलगा की मुलगी हे बापाकडून आलेल्या धाग्याने ठरते, आणि त्यातही बापाची इच्छा चालत नाही. १९०५ सालापासून शास्त्राला हे ठाऊक आहे. आपल्या माजघरांत मात्र ते अजून पुरते पोहोचलेले नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी स्वतः रक्त तपासून घेतले. तोच अंश माझ्यातही निघाला. आमच्या धाकट्या भावात निघाला नाही. आईबापांपैकी ज्याच्याकडून तो आला, त्याने तो ताईला दिला, मला दिला, धाकट्याला दिला नाही. यात आवडनिवड कसली? वयाच्या ७३ व्या वर्षी मला कळले की ज्या 'खोटी'ला मी भीत होतो, ती मी जन्मभर सुखाने अंगावर वागवीत होतो.

आणि तिला खोट तरी का म्हणावे? १९५४ साली आफ्रिकेत अभ्यास करणाऱ्या अँथनी ॲलिसन यांनी दाखविले की एका धाग्यावर हा बदल असलेल्या मुलांना हिवतापाचा जीवघेणा प्रकार कमी बाधतो. जेथे हिवतापाचे थैमान होते, तेथे या अंशाने कित्येक लेकरे वाचविली आणि म्हणूनच तो टिकून राहिला. भारतात तो १९५२ साली प्रथम निलगिरीच्या लोकांत आढळला. आज झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानी या आमच्या शेजारच्या जिल्ह्यांत, तसेच नंदुरबार, मेळघाट, नागपूर, गडचिरोली या भागांत तो अनेक घराण्यांत आहे.

इकडे मुलाच्या घरी नातीने स्वतः जाऊन सारे सांगितले. त्याच्या आत्याबाई म्हणाल्या, "रक्तात काही आहे म्हणता, मग विचार करावा लागेल." तोच जुना सूर! मी उठून बोलणार होतो; त्यापूर्वी तो मुलगा म्हणाला, "आत्या, तिचे तिला ठाऊक आहे. माझे मला कुठे ठाऊक आहे?" आणि दुसऱ्या दिवशी तो तपासणीस गेला. अहवाल येईपर्यंतचे आठ दिवस दोन्ही घरांत फार बोलणे झाले नाही. रोझरी मात्र रोज झाली. त्याच्या रक्तात तो अंश नव्हता. म्हणजे त्यांचे एखादे मूल फार तर वाहक होईल, या आजाराने पीडित होणार नाही. एप्रिल महिन्यात इंदूरच्या सेंट फ्रान्सिस कॅथीड्रलमध्ये, ज्याला लोक लाल चर्च म्हणतात, त्यांचा विवाह झाला.

त्याच्याही रक्तात अंश निघाला असता तर? हा प्रश्न टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक संभव आजारी बालकाचा, दोन वाहकाचे आणि एक पूर्ण निर्दोष बालकाचा; आणि हा हिशेब दर खेपेस नव्याने मांडावा लागतो. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटली, असे नव्हे. अशा दोघांच्या विवाहास ख्रिस्तसभेचा कायदा आड येत नाही. परंतु साखरपुड्यापूर्वी हे ठाऊक असणे आणि डॉक्टर व धर्मगुरू यांच्याशी मोकळेपणाने बोलून निर्णय घेणे, हा त्यांचा हक्क आहे आणि कर्तव्यही. आज आजारी बालकालाही माझ्या भाच्याचे नशीब येते असे नाही. जन्मतःच निदान झाले, लसी व औषधे वेळेवर मिळाली, पाणी भरपूर प्यायला दिले, थंडीपासून जपले, तर पुष्कळ मुले वाढतात, शिकतात, संसार करतात. हायड्रॉक्सियुरिया नावाच्या गोळीने वेदनांचे झटके कमी होतात.

भारत सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकल सेल निर्मूलनाचे राष्ट्रीय कार्य सुरू केले. आजार असलेल्या भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांना तपासण्याचा आणि २०४७ पर्यंत हा आजार हटविण्याचा त्याचा संकल्प आहे. बोटातून काढलेल्या थेंबभर रक्तावर पहिली चाचणी होते; संशय आला तर दुसरी पक्की चाचणी करतात आणि निकालाचे कार्ड देतात. आपण लग्नाआधी स्नानसंस्काराचा दाखला काढतो, घराणे पाहतो, शेतीवाडी पाहतो. त्यांत या एका कार्डाची भर घालावी. ते दोघांचेही असावे, एकट्या मुलीचे नव्हे.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध मनुष्याची कथा आहे. पाप कोणाचे, त्याचे की त्याच्या आईबापांचे, असे शिष्यांनी प्रभूला विचारले. प्रभूने दोन्हींपैकी एकही पर्याय स्वीकारला नाही. ही कथा मी शाळेत किती वर्षे शिकविली! आणि घरी मात्र शिष्यांचाच प्रश्न धरून बसलो. आपण आपल्या लेकरांना अर्धेच देतो आणि ते अर्धे कोणते, हेही आपल्या हाती नसते. जे आपण निवडले नाही, त्याचा दोष कसा लावावा? निवडता येते ते एवढेच, की जे आहे ते जाणून घ्यावयाचे आणि जे वाट्याला येईल ते दोघांनी मिळून उचलावयाचे.

२ नोव्हेंबर हा परलोकवासी भक्तांच्या स्मरणाचा दिवस. त्या दिवशी ताईला घेऊन आम्ही कबरस्थानात गेलो. दर वर्षी ती आधी मुलाच्या कबरीपाशी जाते आणि तेथेच बसून राहते. या खेपेस तिने प्रथम भाऊजींच्या कबरीकडे न्यावयास सांगितले. मेणबत्ती लावून झाल्यावर तिने मला आणि नातीला जरा बाजूला होण्याची खूण केली, आणि दगडावर हात ठेवून ती बराच वेळ हळूहळू काही सांगत राहिली. काय ते आम्हांला ऐकू आले नाही. आम्ही विचारलेही नाही.